चार बोटं तार

"ही नायक्रोम न्हाई," अप्पा म्हणाले.

अप्पांना उजव्या डोळ्यानं आता जवळजवळ दिसत नाही. डाव्यानं दिसतं ते, त्यांच्याच शब्दांत, "दुधात पडल्यासारखं". त्यामुळे त्यांनी तार बघितलीच नव्हती. टोक चिमटीत धरलं, जरा वाकवलं आणि सोडलं. तार टुणकन सरळ झाली.

"लय ताठ हाय. नायक्रोम अशी उडी मारत न्हाई. चुंबक आण."

जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला चुंबक आमच्या घरात कायम एकाच ठिकाणी असतो, देव्हाऱ्याखालच्या खणात, कापराच्या डबीशेजारी. तो तारेजवळ नेला तर तार टक्कन चिकटली. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम, ती चुंबकाला भीक घालत नाही.

"लोखंड हाय हिच्यात. कुठनं आणलास बे?"

"बर्मिंगहॅमहून."

"तुझ्या त्या हुक्क्याची काय?"

आई स्वयंपाकघरात होती. मी नुसतीच मान हलवली. मग लक्षात आलं की मान हलवलेली अप्पांना दिसणार नाही, म्हणून हळूच "हो" म्हणालो.

गड्ड्याचे दिवस होते. संक्रांतीच्या आसपास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजे गड्डा, भरते तेव्हा आमच्या घरी पाहुण्यांची रांग लागते. नंदीध्वजांची मिरवणूक बघायला म्हणून आलेली माणसं चार-चार दिवस मुक्काम ठोकतात, आणि दोन बर्नरच्या गॅसवर आईचं भागत नाही. मग माळ्यावरची शेगडी खाली येते. पत्र्याचं चौकोनी अंग, वर चिनीमातीची गोल प्लेट, तिच्यात गोगलगायीसारखी वळत गेलेली खाच आणि खाचेत कॉइल. यंदा खाली काढली तेव्हा कॉइल तीन ठिकाणी तुटलेली निघाली. तयार स्प्रिंग बाजारात मिळते, आणि ती आणायला जाईपर्यंत एक चहा पिऊन होतो. पण माझ्याकडे एका डबीत तारेचं रीळ पडून होतं आणि ते संपवायचं माझ्या मनात कधीपासून होतं.

अप्पांचं साखर पेठेत विजेच्या दुरुस्तीचं दुकान होतं. १९७८ साली टाकलं आणि २०१६ साली डोळ्यांनी दगा दिल्यावर बंद केलं. इस्त्री, मिक्सर, पंखे सगळं यायचं, पण घर चाललं ते शेगड्यांवर. आमचा भाग म्हणजे पूर्व भाग. घरात मराठी, दारात तेलुगू, बाजारात कन्नड. दिवसरात्र मागांची खडखड. एका खोलीत माग, त्याच खोलीच्या कोपऱ्यात संसार आणि संसाराच्या कोपऱ्यात शेगडी. भात उतू गेला, मीठाचं पाणी कॉइलवर सांडलं, की दुसऱ्या दिवशी पोरगं शेगडी डोक्यावर घेऊन दुकानात हजर. "अप्पा, आई म्हणली दुपारपर्यंत पायजे."

हातड्रिलला चार मिलीमीटरची सळई लावायची, तारेचं टोक जबड्यात अडकवायचं, डाव्या हाताच्या अंगठ्यानं तार दाबून धरायची आणि उजव्यानं मूठ फिरवायची. हे मी हजारदा पाहिलं असेल. हजारदा पाहिल्यामुळेच त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटत नसे. मी इंजिनिअरिंगला गेलो. ओहमचा नियम परीक्षेत सोडवला. दुकानात मात्र मूठ फिरवायलाही बसलो नाही.

सिगारेट कॉलेजात लागली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, सगळ्यांची गोष्ट सारखीच असते.

२०१४ साली कंपनीनं दोन वर्षांसाठी बर्मिंगहॅमला पाठवलं. तिथे वीस सिगारेटचं पाकीट आठ पौंडांच्या घरात. पौंडाला शंभरनं गुणायची सवय सुटेपर्यंत प्रत्येक सिगारेट मला चाळीस-चाळीस रुपयांना पडत होती. माझ्या बसस्टॉपसमोर व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, एक दुकान होतं. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी पाऊस चुकवायला म्हणून आत शिरलो. काउंटरमागे दाढीवाला एक माणूस स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्यावर तार गुंडाळत होता. डावा अंगठा तारेवर दाबलेला. मान जराशी उजवीकडे कललेली. जीभ ओठांच्या कोपऱ्यात. मी दारातच थांबलो. पाच हजार मैलांवर, गोऱ्या कातडीत, माझे अप्पा बसले होते आणि शेगडीची कॉइल वळत होते. फक्त कॉइल बोटाच्या पेराएवढी होती.

त्या दिवशी मी जे विकत घेतलं त्याला रीबिल्डेबल ॲटमायझर म्हणतात. तयार कॉइलची काडतुसं मिळतात, जुनं झालं की फेकायचं आणि नवं बसवायचं. पण या प्रकारात कॉइल आपली आपण वळायची असते. लोखंडी नाण्याएवढी एक चकती, तिच्यावर दोन छोटे खांब, खांबांना स्क्रू. दोन खांबांमध्ये कॉइल, कॉइलच्या पोटातून कापसाची वात, वातीची टोकं खाली द्रवात. द्रव म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वास आणि निकोटिन. बटण दाबलं की तार तापते, वातीतला द्रव उकळतो आणि त्याची वाफ छातीत जाते. वाफ म्हणायचं आपलं. पाण्याची ती नव्हे.

तारेचं रीळ तिथूनच घेतलं. कांथल, ०.४ मिलीमीटर, तीस मीटर. या नावाची गंमत मला नंतर कळली. लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या या मिश्रधातूमागे हान्स फॉन कांत्सो हा स्वीडिश माणूस होता, आणि कंपनी निघाली १९३१ साली हाल्स्टाहामार नावाच्या गावात. माणसाच्या नावातलं 'कांत' घेतलं, गावाच्या नावातलं 'हाल' घेतलं, झालं कांथल. आपल्या चादरीला नुसतं गावाचं नाव पुरलं, तिथे माणसानं अर्धा वाटा मागितला. नायक्रोम त्याच्या आधीची. अमेरिकेत अल्बर्ट मार्शला तिचं पेटंट १९०६ साली मिळालं. त्याआधी तापून लाल होईल आणि तरीही हवेत जळून जाणार नाही अशी परवडणारी तारच नव्हती. टोस्टर, हेअर ड्रायर, गीझर, आमचं साखर पेठेतलं दुकान, सगळं चाललं ते तिच्याच जोरावर.

पहिली कॉइल वळली ती भाड्याच्या खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्यावर. तीन मिलीमीटरच्या ड्रिल बिटवर सात फेरे. सात फेऱ्यांना साडेसात सेंटीमीटर तार लागते, आणि दोन्ही बाजूंचे पाय धरून साडेआठ. हाताची चार बोटं जुळवून आडवी ठेवा, जवळपास तेवढी. फेरे एकमेकांना खेटून आले पाहिजेत. अंगठा जरा सैल पडला की फट राहते. फार दाबला तर तार बिटवरून घसरते आणि दुसरा फेरा पहिल्यावर चढतो. माझा तिसरा फेरा दरवेळी चढायचा. अकरा कॉइली कचऱ्यात गेल्या. बारावी खांबांमध्ये बसली.

मग ती कोरडीच पेटवायची. कापूस न घालता बटण एक-दोन सेकंद दाबायचं आणि सोडायचं. पहिल्यांदा कॉइल वेडीवाकडी पेटते. एका कडेचा फेरा पिवळाधमक, मधले काळेच. बटण सोडून चिनीमातीच्या टोकाच्या चिमट्यानं फेरे हळूच खरवडायचे, गरम असतानाच दोन्ही बाजूंनी जरासे चिमटायचे आणि पुन्हा दाबायचं. असं सात-आठ वेळा केलं की एका क्षणी कॉइल शहाणी होते. आधी बरोबर मधला फेरा अंधूक लाल होतो, मग लाली दोन्हीकडे सारखी सरकत जाते. ते बघायला मी खोलीतला दिवा बंद करायचो.

होतं असं की तापल्यावर तारेतलं ॲल्युमिनियम हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि तारेच्या अंगावर ॲल्युमिनाचा पातळ थर चढतो. माणिक आणि नीलम ज्याचे असतात तोच हा पदार्थ. त्यातून वीज जात नाही. सात फेऱ्यांत चार व्होल्ट वाटले गेले की शेजारच्या दोन फेऱ्यांमध्ये अर्धा-पाऊण व्होल्ट उरतो, आणि तेवढ्याला हा थर पुरून उरतो. म्हणजे फेरे एकमेकांना चिकटलेले असूनही वीज आडवाटेनं उडी मारत नाही, मुकाट्यानं सातही प्रदक्षिणा घालते. तार आत जळू नये म्हणून वरून थोडी जळून घेते. अप्पा नवी शेगडी गिऱ्हाइकाला देण्याआधी दोन मिनिटं रिकामी तापवत आणि म्हणत, "एकदा लाल होऊ दे, मग काळी पडंल, मग टिकंल." मी ते गिऱ्हाइकाला खूश करायचं नाटक समजत होतो.

कापूस मात्र जमला लवकर. दुकानात जपानी कापसाचं पाकीट पाच पौंडांना. चादरींच्या गावचा माणूस पाच पौंड देऊन मूठभर कापूस आणतो, हे मी फोनवर कुणालाच सांगितलं नाही. वात फार जाड झाली तर कॉइलमध्ये दाबली जाते आणि द्रव वर चढत नाही. बारीक झाली तर द्रव तुंबतो आणि तोंडात गरम थेंब उडतात. कॉइलमधून ओढताना वातीनं किंचित अडावं पण कॉइल हलू नये, इतकी. आई समईच्या वाती करते तेव्हा दुधाचं बोट लावून वळते, आणि वात समईच्या नाकात बसवताना असंच थोडंसं ओढून बघते. ते बघितलेलं बोटांत कुठेतरी राहिलं असावं. अप्पांचं मात्र काहीच राहिलं नव्हतं.

वात कोरडी पडलेली लक्षात न येता दम घेतला की काय होतं, तेही सांगतो. जळक्या कापसाचा एकच घोट घशातून खाली जातो. डोळ्यांतून पाणी, आणि अर्धा दिवस प्रत्येक घासाला जळक्या चादरीची चव. लहानपणी शेजारच्या मागावर ठिणगी पडून सुताचा गठ्ठा धुमसला होता, तो वास मला बर्मिंगहॅममध्ये एका मीटिंगच्या आधी घशात आला. मीटिंगमध्ये मी काय बोललो ते आठवत नाही.

दुसरी भानगड तारेच्या पायाची. कॉइल छान मधून पेटायची, पण स्क्रूपासून पहिल्या फेऱ्यापर्यंतचा जो सरळ तुकडा असतो तोच कधीकधी आधी लाल व्हायचा. त्या तुकड्याला वात शिवत नाही, म्हणजे त्याची उष्णता न्यायला कुणी नाही. मी पाय आखूड केले, स्क्रू आवळले, एकदा इतके आवळले की तारच चिरडून तुटली. आठवडाभर खटपट केली. शेवटी कॉइल खांबांच्या अगदी जवळ बसवून भागवलं.

डिसेंबरातल्या एका रात्री सहज आकडेमोड करत बसलो होतो. या तारेचा रोध मीटरला साडेअकरा ओहम. साडेआठ सेंटीमीटरला एक ओहम, थोडा कमीच. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची. म्हणजे करंट ४.२ अँपिअर, ताकद सतरा-अठरा वॅट. इथवर ठीक. मग मनात आलं, अप्पांच्या शेगडीचं काय? हजार वॅट, २३० व्होल्ट. भागून बघितलं. ४.३५ अँपिअर.

पुन्हा भागून बघितलं. तेच.

बसस्टॉपवर खिशातून काढून ओढायच्या त्या नळीतून आणि पूर्व भागातल्या एका कुटुंबाचा भात शिजवणाऱ्या शेगडीतून एकच प्रवाह वाहत होता. एकीच्या मागे बॅटरीचे चार व्होल्ट आणि समोर चार बोटं तार. दुसरीच्या मागे घराचे २३० व्होल्ट आणि समोर काही मीटर तार. तारेच्या एकेका सेंटीमीटरला विचारलं तर तिला फरक कळणारही नाही. मला वाटलं अप्पांना फोन करावा. भारतात पहाटेचे चार वाजले होते. आणि सांगणार काय होतो?

बाकी ती चार बोटं तार दिसायला निरुपद्रवी, पण खेळणं नव्हे. बॅटरी थेट जोडलेली साधी धातूची नळी मिळायची, तिच्यात रोध तपासणारं कुठलंही सर्किट नसे. कॉइलचा पाय चुकून खांबाच्या भलत्या बाजूला टेकला आणि रोध दशांश एक ओहमवर आला, तर हिशेबानं बेचाळीस अँपिअर. बोटाएवढ्या बॅटरीनं ते द्यायचं म्हणजे ती तापून फुटणार. मी ती नळी विकत घेतली, एक दिवस वापरली, आणि खिशात गरम लागली तेव्हा ऑफिसच्या जिन्यात बॅटरी काढून ठेवली. त्यानंतर रोध मोजून मगच पेटणारंच यंत्र वापरलं.

सिगारेट सुटली. निकोटिन सुटलं नाही. मी या गोष्टीत कुणाची वकिली करायला बसलेलो नाही. धूर जाऊन वाफ आली एवढंच झालं, तलफ होती तिथेच होती, आणि आता तिला चकतीचा, तारांचा, चिमट्यांचा साजही चढला होता. खरं सांगायचं तर पुढे पुढे मला ओढण्यापेक्षा वळण्याची तलफ जास्त यायची. रविवारी सकाळी टेबलावर पांढरा टॉवेल अंथरून मी कॉइली वळत बसे, आणि वळलेली कॉइल वापरायची तर ओढावं लागे.

२०१७ साली सोलापूरला परत आलो. आईला सांगितलं, दम्याचं मशीन आहे. आई काळजीत पडली, कारण दमा मला कधीच नव्हता. अप्पांना काहीच सांगितलं नव्हतं, पण एके दुपारी मी आंघोळीला गेलो असताना त्यांनी ते उघडलं. तेव्हा डाव्या डोळ्यानं भिंगातून बऱ्यापैकी दिसत होतं. मी बाहेर आलो तर अप्पा खिडकीजवळ, डोळ्याला भिंग, हातात माझा ॲटमायझर. आता काय ऐकावं लागणार म्हणून मी टॉवेलानं डोकं पुसतच राहिलो.

"फेरे सारखे न्हाईत," अप्पा म्हणाले. "तिसरा फेरा बघ. चढलाय."

एवढंच. धुराबद्दल चकार शब्द नाही. यंत्र बंद करून त्यांनी ते होतं तिथे ठेवलं.

धुराबद्दल जे काय बोलायचं ते अक्का बोलली. अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी पद्मशाली, तेलुगू विणकर समाजातली, बाई, नवरा मागावर, ती विड्या वळणारी. माझं अर्धं लहानपण तिच्या उंबऱ्यावर गेलं. सकाळी कारखान्याच्या ब्रँचमधून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची, पानं भिजवायची, पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं सारखी कापायची. मग सूप मांडीवर. पान डाव्या हातात, तंबाखूची चिमूट, दोन्ही अंगठ्यांची एक घडी, एक गिरकी, टोकाला दोऱ्याचे दोन वेढे, तोंड नखानं आत दाबलं की झाली. हजार विड्या म्हणजे तिचा पुरा दिवस. ढिली वळलेली, वाकडी वळलेली विडी चेकर बाजूला टाकायचा आणि तिचे पैसे तिला मिळायचे नाहीत. तिसरा फेरा चढला म्हणून माझं काही कापलं गेलं नाही कधी. बोलता बोलता, भांडता भांडता, पोराच्या पाठीत धपाटा घालता घालताही तिच्या बोटांची गिरकी थांबत नसे. रात्री तिच्या हाताचा वास येई म्हणून तिचा धाकटा तिच्या हातून जेवायचा नाही. तिला स्वतःला खोकला होता. विडी तिनं आयुष्यात एकदाही ओढली नव्हती.

२००६ साली कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. अक्काला तिथे घर मिळालं आणि आमची भिंत मुकी झाली. पण गड्ड्याला ती येते. तेव्हाही आली होती. माझं यंत्र बघून तिनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे कोण वळतंय?"

"मीच वळतो."

"आन् वडतूस बी तूच?"

"हो."

"मग वळनाऱ्याला काय मिळतंय?"

मला उत्तर आलं नाही. ती हसली, खोकली, आणि यंत्र परत दिलं.

ते सुटायला २०१९ चा उन्हाळा उजाडला. सोडलं कसं, त्यात शौर्य काही नाही. द्रवातलं निकोटिन कमी करत शून्यावर आणलं, आणि शून्यावर आल्यावर एके दिवशी चव कंटाळवाणी वाटली. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला केंद्र सरकारचा अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं, वाटणं, तिची जाहिरात करणं, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नाक्यावरच्या टपरीत विडीचं बंडल तेव्हाही लटकत होतं, आजही लटकतं. यावर मला एक तावातावानं परिच्छेद लिहिता येईल, आणि विडी बंद करा म्हटलं तर अक्कासारख्या बायकांची चूल कशावर पेटणार हा त्याला जोडून दुसराही. दोन्ही लिहून बघितले. खोडले.

यंत्र मोडीत दिलं. चिमटा, मल्टिमीटर आणि तारेचं रीळ ठेवलं. रिळावर सव्वाआठ मीटर तार उरली होती.

तर ती तार घेऊन मी अप्पांसमोर बसलो होतो. हिशेब करून ठेवला होता. हजार वॅटला त्रेपन्न ओहम लागतात, म्हणजे या तारेचे चार मीटर साठ सेंटीमीटर. बर्मिंगहॅमच्या त्या रात्रीची अँपिअरची गोष्टही आता सांगून टाकली, जवळजवळ दहा वर्षांनी.

अप्पांनी ऐकून घेतलं. तार पुन्हा चिमटीत फिरवली.

"हिशोब बरोबर हाय," ते म्हणाले. "पन महिनाभर बी टिकनार न्हाई."

"का?"

"एवढ्या बारीक तारेला हजार वॅट? मोकळ्या हवेत? वितळंल न्हाईतर तुटंल. तुझ्या हुक्क्यात टिकायची, कारन तिथं कापूस वला होता. आन् तू किती येळ दाबायचास?"

"तीन-चार सेकंद."

"आई भात तीन सेकंदात शिजवती काय?"

मी कागदावर मांडून बघितलं. तारेच्या एका चौरस सेंटीमीटर पृष्ठभागामागे सतरा वॅट येत होते. माझ्या चिमुकल्या कॉइलमध्येही जवळपास तेवढेच. तिथे मात्र दर सेकंदाला उकळणारा द्रव ती उष्णता उचलून नेत होता, आणि वात कोरडी पडली की काय होतं ते मी एका मीटिंगच्या आधी चाखलं होतं. प्रवाह सारखा असून भागत नाही. तारेभोवती काय आहे आणि ती किती वेळ पेटती राहणार आहे, हे माझ्या भागाकारात कुठेच नव्हतं.

"सहाशेची कर," अप्पा म्हणाले. "तार लांब घे. सहाशेत आईचं भागतंय. पूर्वी सांजच्याला व्होल्टेज एकशेऐंशीवर यायचं तवा हजाराची शेगडी सहाशेचीच व्हायची की. लोक जेवायचे न्हाईत काय?"

खरंच. व्होल्टेज एकशेऐंशीवर आलं की हजाराच्या शेगडीतून सहाशे बारा वॅटच निघतात, मी नंतर मोजलं. सहाशेला अठ्ठ्याऐंशी ओहम, म्हणजे सात मीटर पासष्ट सेंटीमीटर तार आणि चौरस सेंटीमीटरला सहा वॅट. तार लांबली की ती थंड राहते.

हातड्रिल मी धरलं. अप्पा समोर पाटावर बसले, तारेचा ताण त्यांच्या बोटांत. मी मूठ फिरवायला लागलो तशी पहिल्या वीस फेऱ्यांतच त्यांनी तार थोपवली. "घाई करालास. आवाज ऐक." आवाज कसला ऐकायचा, मला कळेना. मग कळलं. फेरा नीट शेजारी बसला की सळईवर काहीच वाजत नाही. चढला की बारीकसा 'टिक्' येतो. अप्पांचे डोळे गेल्यावरही हे काम त्यांना जमलं असतं, त्यांनी दुकान उगीच बंद केलं, असं मला वाटून गेलं. बोललो नाही. साडेपाचशेच्या वर फेरे झाले. दोनदा टिक् आला, दोन्हीवेळा अप्पांनी मला उलटं फिरवायला लावलं. सळईवरून उतरवली तेव्हा कॉइल दाबलेल्या स्प्रिंगसारखी, बरोबर एक वीत भरली.

मग ती ताणायची. प्लेटच्या खाचेतून सुतळी फिरवून लांबी मोजली आणि कॉइल तेवढी होईपर्यंत दोघांनी दोन टोकं धरून एकाच दमात ओढली. थांबत थांबत ओढली तर काही फेरे फाकतात, काही तसेच राहतात.

खाचेत बसवायच्या आधी अप्पांनी दोन्ही टोकांची हातभर तार सरळ करायला लावली, ती दुमडून मागे आणली आणि पक्कडीनं स्वतः पीळ घातला. दुहेरी.

"हे कशाला?"

"टोकाला तार दुहेरी केली की तिथं तापत न्हाई. न्हाईतर स्क्रूपाशी जळती. कितीदा बघितलास दुकानात."

बर्मिंगहॅममध्ये मी आठवडाभर ज्या पायाशी झगडलो होतो, तो पाय अप्पा १९७८ पासून पिळत होते.

"आन् एक सांगतो," प्लेटवरून बोट फिरवत ते म्हणाले, "ही तुटली तर जोडायला जाऊ नको. नायक्रोमची टोकं एकमेकीत अडकवून भागतंय. ही एकदा लाल झाली की काडीसारखी मोडती, पीळच घेत न्हाई." हे त्यांना कसं ठाऊक, मी विचारलं. अशी चुंबकाला चिकटणारी तार मधे काही वर्षं बाजारात आली होती म्हणे, आणि तुटलेल्या शेगड्यांवरून गिऱ्हाइकांच्या शिव्या यांनी खाल्ल्या होत्या.

रबरी चपला घातल्या. प्लग लावला. अर्धं मिनिट काहीच नाही. मग खाचेच्या बाहेरच्या वळणावर एक वीतभर तुकडा आधी लाल झाला, बाकीचं काळंच.

"एका जागी पेटायलीय," मी म्हणालो.

"वास आला. प्लग काढ. तिथं फेरे जवळ राहिलेत."

गार झाल्यावर मी माझा तो चिनीमातीच्या टोकाचा चिमटा आणला आणि त्या वळणातले फेरे एकेक करून सरकवले. पुन्हा लावलं. या वेळी लाली प्लेटच्या मधून बाहेरच्या वळणांकडे सारखी पसरत गेली. मी उठून ट्यूबलाइट बंद केली. अप्पांना दिसत नव्हतं, पण त्यांनी दोन्ही तळवे प्लेटच्या वर धरले, हवेतच गोल फिरवले, आणि काही बोलले नाहीत.

आई पातेलं घेऊन आली. "आधी बटण बंद, मग पातेलं," अप्पा आणि मी एकदमच ओरडलो. उघडी कॉइल आणि ॲल्युमिनियमचं पातेलं. पूर्व भागातल्या प्रत्येक घरात या वाक्यावर एक तरी मार खाल्लेलं पोर आहे.

चहा उकळत असताना अप्पांनी उरलेला तुकडा मागितला. मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन हातांत ताणून अंदाज घेतला. साठेक सेंटीमीटर होता.

"फेकू नको. कशाला तरी येतीय," म्हणाले आणि दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर गुंडाळायला लागले. फेऱ्याला फेरा खेटून.

साठ सेंटीमीटर म्हणजे साडेआठाच्या सात कॉइली. माझं डोकं ते भागून मोकळं झालं होतं. आईनं कपात चहा गाळला आणि दम्याचं मशीन हल्ली दिसत नाही, बरं वाटतंय ना, असं विचारलं.

"बरं वाटतंय," मी म्हणालो.

अप्पांनी रीळ कापराच्या डबीशेजारी ठेवलं आणि खण ढकलून बंद केला.